धाप थांबली म्हणजे दमा आटोक्यात आला का? पंप, अँटिबायोटिक आणि परिचारिकेचं काम

आजचा विषय नर्सिंगच्या पुस्तकात दोन वेगवेगळ्या धड्यांत येतो. श्वसनसंस्थेची औषधं एका धड्यात आणि अँटिबायोटिक्स दुसऱ्या. ओपीडीत मात्र ही दोन्ही एकाच पिशवीतून बाहेर पडतात. दम्याच्या रुग्णाला म्हणायचं, "घरी काय काय चालू आहे ते दाखवा." मग प्लास्टिकच्या पिशवीतून एक पंप निघतो, अर्धी वापरलेली अँटिबायोटिकची पट्टी निघते, डेरिफायलिनच्या गोळ्या निघतात, खोकल्याची बाटली निघते. यातलं कोणतं औषध कशासाठी आहे हे रुग्णाला माहीत नसतं. ते कुणी विचारलेलंही नसतं. आज आपण ती पिशवी नीट लावणार आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. दम्यात जे औषध घेतल्याबरोबर जाणवतं, ते लोक आवडीने घेतात. जे जाणवत नाही, ते सोडून देतात. आणि जीव वाचवण्याचं काम बहुतेक वेळा न जाणवणारं औषध करत असतं. अँटिबायोटिकचं उलट होतं. त्याने काही केलेलं नसतं, तरी बरं होण्याचं श्रेय त्याला मिळतं. या दोन गैरसमजांची किंमत मोठी आहे. जागतिक रोगभार अभ्यासाच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. आजार तोच आहे. फरक निदानात आणि उपचारात पडतो.

श्वासनळीत नेमकं काय बिघडतं

दम्यात दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. पहिली, श्वासनळीच्या भोवतीचे स्नायू आवळतात. दुसरी, नळीचं आतलं अस्तर सुजतं आणि चिकट कफ तयार होतो. आवळणं मिनिटांत येतं आणि मिनिटांत जातं. सूज मात्र आठवडेच्या आठवडे राहते, रुग्णाला काही त्रास नसतानाही राहते. धूळ, धूर, परागकण, थंड हवा, सर्दीचा विषाणू यांपैकी काहीही लागलं की सुजलेली नळी लगेच आवळते.

आता ही दोन कामं लक्षात ठेवा, कारण औषधंही दोन कामांची आहेत. एक आवळलेला स्नायू सैल करतं, त्याला आपण रिलीव्हर म्हणतो. दुसरं सूज कमी करतं, तो कंट्रोलर. पंप दोन्हीचे असतात आणि गोंधळ इथेच सुरू होतो. रुग्ण दोन्हींना "पंप" असंच म्हणतो.

रिलीव्हर: लगेच जाणवणारं औषध

साल्ब्युटामॉल हे यातलं सर्वांत ओळखीचं नाव. १९६९ पासून ते वापरात आहे. श्वासनळीच्या स्नायूंवर बीटा-२ नावाचे ग्राहक असतात. त्यांना हे औषध चालना देतं आणि स्नायू सैल पडतो. पाच मिनिटांत बरं वाटतं आणि परिणाम चार ते सहा तास टिकतो. हात थरथरणं आणि छातीत धडधड हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम. वारंवार मोठे डोस दिले तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं. म्हणून वॉर्डात सतत नेब्युलायझर चालू असलेल्या रुग्णाची नाडी आपण बघतोच, पण पोटॅशियमचा रिपोर्टही बघायचा.

इथे एक छोटा हिशेब करू. पंपाच्या एका झटक्यात साधारण १०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल असतं. साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची मिळते. म्हणजे एका गोळीत ४० झटक्यांएवढं औषध. गोळी पोटातून रक्तात आणि मग सगळ्या अंगात जाते, पंपातलं औषध जिथे हवं तिथे पोचतं. तरीही लोक म्हणतात, "गोळी बरी, पंप फार स्ट्राँग असतो." पुढच्या वेळी कुणी असं म्हणालं तर हा ४० चा आकडा सांगा.

आता धोका बघा. साल्ब्युटामॉल सुजेला हात लावत नाही. आराम पडतो, आत सूज तशीच राहते. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या मृत्यूंचा राष्ट्रीय आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रिलीव्हरची नोंद मिळाली अशा १६५ मृतांपैकी ६५ जणांना, म्हणजे ३९ टक्के लोकांना, आधीच्या वर्षभरात १२ पेक्षा जास्त पंप लिहून दिले गेले होते. सहा जणांना तर ५० पेक्षा जास्त. एका पंपात २०० झटके असतात. वर्षाला १२ पंप म्हणजे २४०० झटके, रोजचे सहाहून अधिक. हे लोक औषध घेत नव्हते असं नाही, भरपूर घेत होते. पण एकाच कामाचं घेत होते.

म्हणूनच दम्यावरची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं देणाऱ्या 'जिना' या संस्थेने २०१९ मध्ये भूमिका बदलली. किशोरवयीन आणि प्रौढ रुग्णांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नका, सोबत श्वासातून घेण्याचं स्टेरॉइड हवंच, असं त्यांनी सांगितलं. वर्षाला तीन किंवा अधिक पंप संपत असतील तर तो इशारा समजायचा. त्यामुळे परिचारिकेने विचारायचा प्रश्न अगदी साधा आहे: "हा पंप किती दिवस पुरतो?" महिनाभरात संपतो असं उत्तर आलं, तर ते केसपेपरवर लिहा आणि डॉक्टरांच्या नजरेला आणून द्या.

कंट्रोलर: न जाणवणारं औषध

बेक्लोमेथासोन, ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन ही श्वासातून घेण्याची स्टेरॉइड्स. ती पेशीच्या आत जाऊन सूज निर्माण करणारी यंत्रणाच मंद करतात. हे काम सावकाश चालतं. फरक दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात आणि पूर्ण फायदा दिसायला दोन-तीन महिनेही जातात. मग घरी काय होतं? रुग्ण दोन दिवस घेतो, काही जाणवत नाही, ठेवून देतो. किंवा महिनाभर घेतो, एकदम छान वाटतं, म्हणून ठेवून देतो. असा संवाद आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे:

"काकू, हा दुसरा पंप घेता का रोज?"

"नाही हो सिस्टर, धाप लागली तरच घेते. उगाच कशाला?"

काकूंचं चुकलं असं म्हणून चालणार नाही. दुखलं की गोळी घ्यायची, हा आपल्या सगळ्यांचाच हिशेब. त्यांना कुणीतरी सांगायला हवं की हा पंप धाप लागू नये म्हणून आहे. दात दुखत नसले तरी आपण रोज घासतोच ना, तसं.

दुसरी अडचण 'स्टेरॉइड' या शब्दाची. लोक घाबरतात. त्यांना मात्रा सांगा. पंपातला एक डोस शंभर-दोनशे मायक्रोग्रॅमचा असतो. दमा उसळला की प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत द्याव्या लागतात. दोन औषधांची ताकद वेगळी असल्याने नुसत्या वजनावर तुलना करता येत नाही, तरी मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजार पटींचा फरक आहे एवढं लक्षात येतं. आणि मिळतं काय? कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातला एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात स्टेरॉइडचा एकेक पंप जास्त वापरला गेला तसा दम्याच्या मृत्यूचा दर २१ टक्क्यांनी कमी होत गेल्याचं त्यात दिसलं.

आता एक तिसरी जात. फॉर्मोटेरॉल आणि साल्मेटेरॉल ही बारा तास टिकणारी औषधं. दम्यात ती एकटी द्यायची नसतात, कायम स्टेरॉइडच्या जोडीनेच. दोघांत फरक असा, की फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत काम सुरू करतं, साल्मेटेरॉलला जास्त वेळ लागतो. म्हणून ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा एकच पंप डॉक्टर रोजसाठी आणि धाप लागल्यावर, असा दोन्हींसाठी देऊ शकतात. साल्मेटेरॉलचा जोडपंप धाप लागल्यावर उपयोगी पडत नाही. म्हणून पंपाच्या रंगावर जाऊ नका, रंग कंपनीगणिक बदलतो. नाव वाचा.

औषध फुप्फुसात पोचतंय का?

बारीक श्वासनळ्यांपर्यंत जायला औषधाचा कण साधारण एक ते पाच मायक्रॉनचा लागतो. पंप तसे कण तयार करतो, पण रुग्णाची पद्धत चुकली तर ते घशावरच आदळतात. म्हणून "पंप घेता का?" असं विचारून थांबायचं नाही. "घेऊन दाखवा" म्हणायचं.

दाबायचा पंप असेल तर: हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, सावकाश खोल श्वास घ्यायला सुरुवात करतानाच दाबायचा, मग दहा सेकंद श्वास रोखायचा. दुसरा झटका अर्ध्या ते एका मिनिटाने. शक्य तिथे स्पेसर लावायचा, लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना तर नक्कीच. स्पेसर साबणाच्या पाण्याने धुऊन तसाच वाळू द्यायचा, फडक्याने आतून पुसायचा नाही. पुसल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं.

कॅप्सूल घालून ओढायचं यंत्र असेल, म्हणजे रोटाहेलरसारखं, तर नियम उलटा. श्वास जोरात आणि खोल ओढायचा, कारण भुकटी हलवायचं काम श्वासच करतो. यंत्रात श्वास सोडायचा नाही, भुकटी ओलसर होते. आणि हे स्पष्ट सांगा की ही कॅप्सूल गिळायची नाही. पाण्यासोबत गिळणारे लोक आहेत. "औषध तर रोज घेतो, फरक पडत नाही," अशी तक्रार आली की आधी हे विचारून घ्या.

स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायची. नाही तर तोंडात पांढरी बुरशी धरते आणि आवाज बसतो. तेवढ्याच कारणाने पंप सोडणारेही असतात.

मग अँटिबायोटिक कुठे बसतं?

अँटिबायोटिक जिवाणूंवर काम करतं. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं, म्हणजे अमॉक्सिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिन, जिवाणूची भिंत बांधू देत नाहीत. अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखी मॅक्रोलाइड्स त्याचं प्रथिन तयार करण्याचं काम बंद पाडतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन ही त्याच्या डीएनएची घडी बिघडवतात. आता बघा, दम्यात आवळलेला स्नायू आपलाच, सुजलेलं अस्तरही आपलंच. जिवाणूची भिंत तिथे नाहीच. दमा उसळवणारी सर्दी बहुतेक वेळा विषाणूची असते आणि विषाणूलाही अशी भिंत नसते.

"पण बेडका पिवळा पडतोय ना?" हा नेहमीचा प्रश्न. पिवळा-हिरवा रंग कफातल्या पांढऱ्या पेशींमुळे येतो. दम्याच्या सुजेतही या पेशी भरपूर असतात. म्हणून नुसत्या रंगावरून जिवाणू ठरत नाही. ताप, छातीच्या एका भागात वेगळा आवाज, एक्स-रेमध्ये न्यूमोनिया, अशा गोष्टी असतील तर डॉक्टर अँटिबायोटिक देतील आणि तेव्हा ते द्यायलाच हवं.

ब्रिटनमधला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दमा उसळलेल्या प्रौढांना नेहमीच्या उपचारासोबत अ‍ॅझिथ्रोमायसिन दिल्याने फायदा होतो का, हे बघायचं होतं. ४५८२ रुग्ण तपासले, पण अभ्यासात घेता आले फक्त १९९. मुख्य कारण काय? २०४४ रुग्णांना आधीच अँटिबायोटिक मिळालेलं होतं! आणि ज्या १९९ जणांवर अभ्यास झाला, त्यांच्यात अ‍ॅझिथ्रोमायसिनचा फायदा दिसला नाही.

तरी लोकांना गुण येतो, तो कसा? विषाणूची सर्दी काही दिवसांत आपोआप उतरते. मेडिकलमधून तीन गोळ्यांचा कोर्स आणला, तीन दिवस गेले, बरं वाटलं, श्रेय गोळीला. यात खरं नुकसान वेळेचं होतं. दमा उसळल्यावर जे द्यायचं असतं ते म्हणजे स्पेसरमधून किंवा नेब्युलायझरने रिलीव्हर आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रेडनिसोलोन. प्रेडनिसोलोनचा परिणाम सुरू व्हायला काही तास लागतात, म्हणून ते लवकर सुरू व्हायला हवं. अँटिबायोटिकवर "बघू दोन दिवस" म्हणत काढलेले दोन दिवस रुग्णाला महाग पडतात.

दुसरं नुकसान सगळ्यांचं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच इशारा दिला होता की अपुऱ्या मात्रेत पेनिसिलिन घेतलं तर जिवाणू त्याला सरावतील. आपल्याकडे चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत अशा औषधांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते. ती रेघ घरच्यांना दाखवून ठेवा.

अँटिबायोटिक लिहिलेलं असेल तेव्हा

पहिलं काम, अ‍ॅलर्जी विचारणं. "इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आली होती का कधी? काय झालं होतं?" जुलाब झाले ही अ‍ॅलर्जी नव्हे. अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले, दम लागला, ही अ‍ॅलर्जी.

दुसरं, आणि आजच्या विषयात सर्वांत महत्त्वाचं. दम्याच्या रुग्णाला पेनिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिनचं इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांत छातीत घरघर सुरू झाली, तर "याला दमा आहेच" असं म्हणून नुसती वाफ देत बसू नका. ती अ‍ॅनाफिलॅक्सिस असू शकते आणि दमा असलेल्यांमध्ये ती जास्त गंभीर होते. अंगावर पुरळ दिसेलच असं नाही. औषध थांबवा, मदतीला हाक मारा, रक्तदाब बघा. पहिलं औषध अ‍ॅड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. प्रौढांना ०.५ मिलिग्रॅम, मुलांना वजनाप्रमाणे. आपल्या वॉर्डातली ठरलेली पद्धत आणि अ‍ॅड्रेनॅलिनची जागा इंजेक्शन भरण्याआधी माहीत हवी.

तिसरं, वेळ. अमॉक्सिसिलिनसारखी औषधं रक्तात ठरावीक पातळीच्या वर जितका वेळ राहतील तितकं काम करतात. म्हणून "दिवसातून तीनदा" म्हणजे शक्यतो दर आठ तासांनी. चौथं, सोबतचं खाणं. सिप्रोफ्लॉक्सासिन दुधासोबत किंवा अँटासिडसोबत दिलं तर नीट शोषलं जात नाही. आणि कोर्स? डॉक्टरांनी लिहिला तितकाच. मनाने थांबवायचा नाही, मनाने लांबवायचाही नाही, उरलेल्या गोळ्या पुढच्या सर्दीसाठी डब्यात ठेवायच्या नाहीत.

आता त्या पिशवीतल्या डेरिफायलिनकडे येऊ. त्यात थिओफिलिन असतं. त्याची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन, एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स यकृतात थिओफिलिनचा निचरा मंद करतात, म्हणजे गोळ्या तेवढ्याच, पण रक्तातली पातळी वाढते. मळमळ, उलट्या, खूप धडधड आणि पुढे झटकेही येऊ शकतात. दम्याच्या रुग्णाला नवीन अँटिबायोटिक सुरू झालं आणि दोन दिवसांत उलट्या सुरू झाल्या, तर "गोळ्या गरम पडल्या" म्हणून सोडून देऊ नका. पिशवी पुन्हा उघडून बघा.

श्रोत्यांचे प्रश्न

*पंपाची सवय लागते का?*
सवय लागत नाही. दमा दीर्घकाळ राहणारा आजार आहे, म्हणून औषध दीर्घकाळ लागतं. दमा काही महिने नीट आटोक्यात राहिला तर डॉक्टर मात्रा कमी करतात. स्वतःहून बंद मात्र करायचं नाही.

*गरोदरपणात पंप बंद करावा का?*
नाही. आटोक्याबाहेरचा दमा आई आणि बाळ दोघांना जास्त धोक्याचा. पंप चालू ठेवायचा आणि डॉक्टरांना गरोदरपणाची कल्पना द्यायची. कोणतंही अँटिबायोटिक घेण्याआधीही ती द्यायची, कारण डॉक्सिसायक्लिनसारखी काही औषधं तेव्हा टाळतात.

*आमच्या ओळखीच्या एकांना तज्ज्ञांनी दम्यासाठीच अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलंय. मग?*
चांगला प्रश्न. तीव्र, इतर औषधांना दाद न देणाऱ्या दम्यात काही रुग्णांना ते आठवड्यातून तीनदा, बरेच महिने देतात, दमा पुन्हा पुन्हा उसळू नये म्हणून. पण तो तज्ज्ञांचा निर्णय, ईसीजी वगैरे बघून घेतलेला. सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून आणलेल्या तीन गोळ्यांशी त्याचा संबंध नाही.

*रुग्णालयात कधी न्यायचं?*
एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील, माणूस गुंगीत जात असेल, किंवा पंप घेऊनही थोड्या वेळात पुन्हा धाप लागत असेल, तर लगेच. आणि परिचारिकांसाठी एक सूचना. जोरात चाललेली घरघर अचानक थांबली आणि माणूस थकलेला दिसला, तर बरं वाटलं असं समजू नका. हवाच आत-बाहेर होत नसेल तर आवाजही येत नाही. ती सर्वांत धोक्याची शांतता.

तर मंडळी, उद्यापासून दम्याच्या रुग्णाला घरी सोडताना चार गोष्टी करा. रोजचा पंप कोणता आणि धाप लागल्यावरचा कोणता, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्या. पंप घेऊन दाखवायला सांगा. मागचा पंप किती दिवस पुरला ते विचारा. आणि पिशवीत अँटिबायोटिक असेल तर ते कुणी, कशासाठी दिलं ते विचारा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि वॉर्डात ते करायला आपल्याशिवाय दुसरं कुणी नसतं.